खुब्याचा गोळा आणि चाळीस वर्षांचा हिशेब

बंगळूरच्या कब्बन पार्कमधील बालभवनात रविवारी सकाळी मुलांची जी झुंबड उडते, तिच्यात एखादे मूल जरासे पाय ओढत चालले तर ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुले पडतात, खरचटून घेतात, रुसतात आणि घटकाभराने पुन्हा धावू लागतात. २०१६ सालच्या अशाच एका रविवारी आम्ही दोन कुटुंबे तेथे गेलो होतो. माझे स्नेही मूळचे कारवारकडचे. आम्ही दोघेही सरकारी नोकरीतले आणि बदलीच्या निमित्ताने बंगळुरात येऊन पडलेले. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा घसरगुंडीकडे धावत गेला, तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "याचा उजवा पाय काही सरळ पडत नाही." मुलाची आई म्हणाली, "वहिनी, दोन महिने झाले, गुडघा दुखतो म्हणतो." गुडघ्याचे क्ष-किरण चित्र काढून झाले होते, मलम चोळून झाले होते, आणि वाढीच्या वयातले दुखणे आहे, आपोआप जाईल, असे सांगून एका डॉक्टरांनी त्यांची बोळवणही केली होती.

दुखणे गुडघ्यात नव्हते, खुब्यात होते. ज्या मज्जातंतूंच्या शाखा खुब्याच्या सांध्याला जातात, त्यांच्याच काही शाखा गुडघ्याकडेही जातात. त्यामुळे खुबा आजारी पडला, तरी मूल बोट गुडघ्यावर ठेवते. अस्थिरोगाच्या शिक्षणात हा पाठ फार लवकर दिला जातो, आणि तरीही तो फार वेळा विसरला जातो. दुसऱ्या ठिकाणी खुब्याचे चित्र काढले, तेव्हा डाव्या बाजूचा गोळा चंद्रासारखा वाटोळा आणि उजव्या बाजूचा किंचित बसका व अधिक पांढरा दिसला. निदान झाले : पर्थेसचा विकार. शस्त्रक्रिया सुचविण्यात आली. त्या भेटीला मीही बरोबर होतो. माझ्या स्नेह्यांनी एकच प्रश्न विचारला : "डॉक्टरसाहेब, आज तुम्ही याचे हाड कापाल, पण हा माझ्या वयाचा होईल, तेव्हा कसा चालेल?" डॉक्टर थोडे थांबून म्हणाले, "याचे उत्तर माझ्यापाशी नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ज्या मुलांना हा विकार झाला, त्यांच्यापाशी आहे. त्यांची कोणी नोंद ठेवली असेल, तेवढेच मला सांगता येईल."

मी वैद्य नव्हे. परंतु नोंदी, फायली आणि रजिस्टरे यांत ज्याचे आयुष्य गेले, त्याला या उत्तराने चटका लावला नसता तरच नवल. त्या दिवसापासून जे वाचले आणि जाणत्यांना विचारून जे समजून घेतले, ते येथे सांगत आहे.

खुबा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात एक खोलगट खोबण असते आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला असलेला गोळा तिच्यात बसतो. दोन्ही एकमेकांशी इतके जुळलेले असतात, की माणूस चालताना, जिना चढताना, मांडी घालताना गोळा खोबणीत निर्वेध फिरतो. मुलाच्या वयात या गोळ्याचा बराचसा भाग कूर्चेचा असतो व त्याच्या पोटात हाड वाढत असते. त्याला रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या बारीक, आणि हाडाच्या मानेला बिलगून वर जाणाऱ्या. म्हणून हा पुरवठा नाजूक असतो. पर्थेसच्या विकारात हा पुरवठा काही काळ खंडित होतो. का होतो, याचे निर्विवाद उत्तर अद्याप मिळालेले नाही. गोळ्यातील हाड मृत होते. मुलग्यांना हा विकार मुलींपेक्षा चार-पाच पट अधिक होतो, साधारणतः चार ते आठ या वयात. दहा-बारा टक्के मुलांत दोन्ही खुबे सापडतात.

या विकाराची ओळखही नवी आहे. १८९५ साली रंटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला. त्यापूर्वी लंगडणाऱ्या मुलाच्या खुब्यात क्षय असावा, असेच मानीत. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रोम यांनी १९०९ साली हा विकार वर्णिला. पण तोही क्षयाचाच सौम्य प्रकार समजून. पुढच्याच वर्षी, १९१० साली, बॉस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थेस या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सांगितले, की हा क्षय नव्हे, हे वेगळेच दुखणे आहे. एवढ्याशा ओळखीचे मोल किती होते, हे आपल्याकडे सहज कळावे. कारण खुब्याचा क्षय आपल्याकडे आजही आढळतो, आणि लंगडणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो प्रथम वगळावाच लागतो.

आता या विकाराचे खरे वैचित्र्य. तो आपोआप बरा होतो! औषध न देता, शस्त्रक्रिया न करता, दोन ते चार वर्षांत रक्तपुरवठा पुन्हा सुरू होतो, मृत हाड शोषले जाते आणि त्या जागी नवे हाड भरते. क्ष-किरण चित्रात हा क्रम पायरीपायरीने दिसतो. आधी गोळा पांढरा व दाट दिसतो. मग त्याचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. मग कडेने नवे हाड धरू लागते. आणि शेवटी गोळा भरून येतो. मग डॉक्टरांनी हात घालावा कशाला?

उकडीच्या मोदकाचा साचा ज्याने पाहिला आहे, त्याला याचे उत्तर लवकर पटेल. मऊ उकड साच्यात नीट बसली, तर साच्याचा आकार घेते. काही भाग साच्याबाहेर राहिला, तर तो कडेवर दाबला जाऊन वाकडा होतो, आणि एकदा उकड निवली की तो वाकडेपणा जात नाही. तुकडे पडण्याच्या काळात मुलाच्या खुब्याचा गोळा असाच मऊ असतो. खोबण हा त्याचा साचा. मूल चालते, धावते, स्नायू ओढतात, आणि मऊ गोळा हळूहळू बाहेरच्या अंगाला सरकू लागतो. सरकलेला भाग खोबणीच्या कडेखाली चेपला जातो. नवे हाड भरते, पण चेपलेल्या आकारात. विकार बरा होतो आणि गोळा चपटा राहतो. शस्त्रक्रिया विकार बरा करण्यासाठी नसतेच. मऊपणाची ती वर्षे सरेपर्यंत गोळा साच्यात राहावा, एवढ्यासाठी असते. माझ्या स्नेह्यांना ही गोष्ट उमजायला बरेच दिवस लागले. "रोग आपोआप जाणार आणि तरी कापायचे, हे कसे?" हे कोडे त्यांनाच काय, मलाही पडले होते.

पूर्वी यावर उपाय म्हणजे अंथरूण. मुलाने पाय टेकायचा नाही, वजन द्यायचे नाही. दोन-दोन, तीन-तीन वर्षे वजन बांधून खाटेवर निजून राहायचे. युरोप-अमेरिकेत अशा मुलांसाठी महिनोन् महिने राहण्याची रुग्णालये असत. पुढे पाय फाकवून प्लास्टर घालणे आले; चालता यावे असे पट्टे आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रियेचा मार्ग रूढ झाला. तिचे मुख्य प्रकार दोन. एकात मांडीचे हाड गोळ्याच्या खाली कापून थोडे आत कलवितात आणि धातूची पट्टी व स्क्रू यांनी जोडतात. त्यामुळे गोळा खोबणीत अधिक खोल बसतो. दुसऱ्यात कमरेचे हाड खोबणीच्या वर कापून खोबणच पुढे व बाहेर वळवितात, म्हणजे छप्पर गोळ्यावर ओढून घेतात. ही दुसरी शस्त्रक्रिया टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस वेगळ्या विकारासाठी योजिली होती. तिच्याकडे पुढे वळेन.

ही शस्त्रक्रिया फुकट पडत नाही. मांडीचे हाड कलविल्याने पाय थोडा आखूड होतो. खुबा बाहेर उचलणाऱ्या स्नायूंची ओढ बदलल्याने मूल काही काळ अधिकच लंगडते. आईबापांना वाटते, आपण मुलाचे वाटोळे केले. वय लहान असेल तर हाड वाढता वाढता पुष्कळसे सरळ होते. पट्टी काढण्यासाठी पुन्हा एकदा भूल द्यावी लागते. हे सगळे कोणत्या मुलासाठी सोसावे आणि कोणत्या मुलाला निमूटपणे सोडून द्यावे, हाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यात आपल्या देशाचा, तेही या राज्याचा, वाटा मोठा आहे.

बंगळुराहून पश्चिमेकडे निघावे, घाट उतरावा, की उडुपी जिल्ह्याची चिंचोळी किनारपट्टी लागते. तेथील मणिपालला १९५३ साली कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालय निघाले. या महाविद्यालयातील अस्थिशल्यज्ञ डॉ. बेंजामिन जोसेफ यांच्या लक्षात आले, की आपल्याकडे या विकाराची मुले फार येतात. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पाहणी केली, तेव्हा दिसले की नैर्ऋत्य भारताच्या किनारपट्टीत हा विकार आजूबाजूच्या प्रदेशांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो, आणि येथील मुलांना तो युरोपीय मुलांपेक्षा काहीशा मोठ्या वयात होतो. समुद्रकाठच्या या अरुंद पट्टीलाच तो का निवडतो, हे कोडे अजून सुटलेले नाही. इंग्लंडात लिव्हरपूलच्या दाट, गरीब वस्तीतही हा विकार फार आढळला होता. तेथील अभ्यासातले एक संशोधक मणिपालच्या पाहणीतही सहभागी होते. दोन बंदरे, दोन समुद्र, पण हवामानात, आहारात, चालीरीतींत कसलेही साम्य नाही!

मोठ्या वयाची गोष्ट केवळ कुतूहलाची नव्हे. वय जितके जास्त, तितकी हाड पुन्हा घडण्यासाठी उरलेली वर्षे कमी. पाच वर्षांच्या मुलाचा गोळा थोडा चेपला, तरी पुढच्या दहा वर्षांच्या वाढीत खोबण व गोळा एकमेकांना घडवून घेतात. दहा वर्षांच्या मुलाला तेवढी सवड नसते.

मणिपालच्या मंडळींनी २००३ साली बारा वर्षांखालील ६१० मुलांच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकाराच्या पहिल्या तीन पायऱ्यांचे त्यांनी दोन-दोन भाग पाडले, आणि कोणत्या भागात गोळा बाहेर सरकतो, कोणत्या भागात चपटा होतो, हे पाहिले. निष्पन्न झाले ते असे, की गोळा सर्वांत जोराने बाहेर सरकतो तो तुकडे पडण्याच्या उत्तरार्धात. आणि एकदा हा उत्तरार्ध उलटला, की कापून आत बसविलेला गोळा चपटाच आत बसतो. यास्तव शस्त्रक्रिया करायची तर त्याआधी करावी. त्याच साली त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळेविषयीचे निष्कर्षही मांडले, आणि लवकर शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे गोळे अधिक वाटोळे राहिल्याचे दाखवून दिले. पुढच्या अभ्यासात तर असेही दिसले, की अगदी प्रारंभीच्या पायरीवर शस्त्रक्रिया केलेल्या मुलांपैकी एक-तृतीयांशाच्या आसपास मुलांत तुकडे पडण्याची पायरीच टळली. जगभरच्या शल्यज्ञांनी या पायऱ्या स्वीकारल्या. कोठल्याशा प्रचंड प्रयोगशाळेत नव्हे, तर किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात, जुनी चित्रे टाकून न देता जपून ठेवली म्हणून हे साध्य झाले, याचे मला विशेष वाटते.

माझ्या स्नेह्यांच्या मुलाचे गुडघ्यावर गेलेले दोन महिने या हिशेबात महागडे होते. तरी सुदैवाने तो अजून तुकड्यांच्या पूर्वार्धातच होता.

कोणाला शस्त्रक्रिया नको, हेही तितकेच स्पष्ट होत गेले. अमेरिकेत डल्लासच्या हेरिंग यांच्या पुढाकाराने अनेक केंद्रांनी मिळून ४३८ मुलांचा दीर्घ अभ्यास केला; तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोळ्याच्या बाहेरच्या अंगाचा जो तिसरा हिस्सा, त्याला खांब समजून तो किती खचला आहे, हे मोजले. आठ वर्षांवरील आणि खांब मध्यम खचलेल्या मुलांना शस्त्रक्रियेने लाभ झाला. आठ वर्षांखालील तशाच मुलांचे शस्त्रक्रिया करा वा न करा, चांगलेच झाले. आणि ज्यांचा खांब अर्ध्याहून अधिक ढासळला होता, त्यांचे काही केले तरी फारसे चांगले झाले नाही. नॉर्वेने १९९६ ते २००० या काळात देशातील अशा सर्व मुलांची नोंद ठेवण्याचा उपक्रम केला. त्यातून २००८ साली दिसले, की सहा वर्षांहून मोठ्या आणि अर्ध्याहून अधिक गोळा मृत झालेल्या मुलांत मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया व्यायामापेक्षा व पट्ट्यापेक्षा सरस ठरली. वयाची रेषा कोणी सहावर ओढतो, कोणी आठवर. परंतु लहान मुलाला उगाच कापू नये आणि मोठ्या मुलाला उगाच थांबवू नये, हा दोन्हींचा अर्थ एकच.

पण हे सारे निकाल मुलाची वाढ पुरी होईपर्यंतचे. माझ्या स्नेह्यांचा प्रश्न त्यापुढचा होता. त्याला उत्तर देऊ शकणारी माणसे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या दप्तरात सापडली. तेथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विकारासाठी येऊन गेलेल्या, आणि शस्त्रक्रियेविना उपचार झालेल्या, रुग्णांचा माग काढून १९७१ साली त्यांची सरासरी छत्तीस वर्षांनंतरची स्थिती प्रसिद्ध करण्यात आली. ते आता पंचेचाळिशीच्या आसपास होते. दहांपैकी नऊ जण व्यवस्थित हिंडत-फिरत होते, दुखणे नाहीसेच! चपटा गोळा घेऊनही माणूस चाळिशी पार करतो, असे दिसले. त्या निकालावरच थांबले असते, तर शस्त्रक्रियेची गरजच काय, असे कोणी म्हणाले असते.

सुदैवाने ते थांबले नाहीत. आणखी बारा वर्षांनी त्याच रुग्णांना पुन्हा गाठले. १९८४ साली निकाल आला. आता सरासरी अठ्ठेचाळीस वर्षे उलटली होती, माणसे पन्नाशी ओलांडून गेली होती. सुमारे चाळीस टक्क्यांना कृत्रिम खुबा बसवावा लागला होता. चांगल्या स्थितीत राहिलेले चाळीस टक्केच. बारा वर्षांत चित्र उलटले होते. जे यश पंचेचाळिशीत दिसले, ते खरे तर उधार होते. हप्ते पन्नाशीत सुरू झाले. पाहणारांनी १९७१ नंतर फाईल बंद केली असती, तर आजही आपण त्या अर्ध्या सत्यावर विसंबून राहिलो असतो.

दरम्यान, १९८१ साली स्टलबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचा नियम शोधून काढला होता. वाढ संपताना गोळा वाटोळा असेल, तर पुढे संधिवाताची भीती फारशी नाही. गोळा लंबगोल वा चपटा आहे, पण खोबणही तशीच घडून त्याच्याशी जुळली आहे, असे असेल तर दुखणे उतारवयात येते. आणि गोळा चपटा, खोबण मात्र वाटोळी, म्हणजे दोघांची जुळणीच नाही, तर पन्नाशीच्या आतच सांधा झिजून जातो. म्हणजे चाळीस वर्षांनंतरचे भविष्य पंधराव्या-सोळाव्या वर्षीच्या चित्रात बरेचसे लिहिलेले असते. शस्त्रक्रियेचा सारा खटाटोप मुलाला या पायऱ्यांवर एक-दोन पायऱ्या वर चढविण्यासाठी असतो.

शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचा इतका दूरवरचा हिशेब टोरांटोला सापडतो. पण तो दुसऱ्या विकाराचा आहे, म्हणून थोडे आडवळण घेतो. जन्मापासूनच गोळा खोबणीबाहेर ढळलेला असणे, हा तो विकार. आपल्याकडे बाळाला कडेवर घेण्याची जी रीत आहे, पाय दोन बाजूंना फाकलेले आणि आईच्या कमरेला बिलगलेले, ती या विकारात उपकारक मानली जाते. उलट पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळण्याची रीत अपायकारक. जपानात १९७५ च्या सुमारास बाळांना तसे गुंडाळू नये, अशी मोहीम निघाली, आणि विकाराचे प्रमाण झपाट्याने घटले. शिकलेल्या आजीला जे पुस्तकातून शिकवावे लागते, ते न शिकलेल्या आजीच्या कडेत आधीच होते, असे म्हणावेसे वाटते. मात्र आपल्या काही घरांतही बाळाला लांबट गुंडाळून ठेवतात, हे विसरून चालणार नाही.

तर, हा ढळलेला खुबा उशिरा लक्षात आलेल्या, दीड ते पाच वर्षांच्या मुलांवर सॉल्टर यांनी १९५८ ते १९६५ या काळात आपली शस्त्रक्रिया केली. त्यांतील साठ जणांना, म्हणजे ऐंशी खुब्यांना, पुन्हा शोधून काढून २००७ साली निकाल प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर तीस वर्षांनी शंभरांपैकी नव्याण्णव खुबे मूळचेच टिकून होते. चाळीस वर्षांनी शहाऐंशी. पंचेचाळीस वर्षांनी चोपन्न. आयोवातली तीच खोल पायरी येथेही चाळिशी-पन्नाशीच्या दरम्यान दिसते. उपचार न झालेल्या ढळलेल्या खुब्याशी तुलना केली, तर हा निकाल फार उत्तम आहे. तरी शस्त्रक्रियेने नवा खुबा मिळत नाही, वर्षे मिळतात.

आणि वर्षे मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. १९६२ साली इंग्लंडात जॉन चार्न्ली यांनी कृत्रिम खुब्याची जी शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली, तिने म्हाताऱ्या माणसांचे दुखणे संपविले. पण कृत्रिम सांधा झिजतो. पस्तिशीत बसविला, तर आयुष्यात तो पुन्हा, कदाचित तिसऱ्यांदाही, बदलावा लागेल. आणि प्रत्येक बदल मागच्याहून अवघड. साठीत बसविला, तर बहुधा एकदाच पुरे. म्हणून बालपणीच्या शस्त्रक्रियेने गोळा वीस वर्षे अधिक टिकला, तर त्या वीस वर्षांत माणूस नोकरी करतो, मुले वाढवितो, घर बांधतो.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. पाश्चात्त्य देशांत खुब्याचे मोजमाप करण्याच्या ज्या पद्धती रूढ आहेत, त्यांत १९६९ सालची बॉस्टनच्या हॅरिस यांची फार वापरली जाते. दुखते का, किती अंतर चालता, जिना कसा चढता, मोजे-बूट घालता येतात का, खुर्चीत किती वेळ बसता येते, हे प्रश्न तिच्यात आहेत. उकिडवे बसता येते का, मांडी घालता येते का, हे नाहीत. ज्या घरात अजूनही पाटावर पंगत बसते, ज्या शेतावर निंदणी बसून करावी लागते, ज्या गावात शौचकूप उकिडव्याने वापरायचे आहे, तेथे शंभरांपैकी नव्वद गुण मिळविणारा खुबाही अपुरा पडेल. पर्थेसच्या विकारात तर मांडी बाहेर वळणे आणि पाय आत फिरणे, याच हालचाली आधी आखडतात. आमच्या त्या डॉक्टरांनी मुलाला तपासण्यापूर्वी त्याच्या आईला विचारले होते, "जेवताना मांडी घालून बसतो का?" ती म्हणाली, "हल्ली पाय लांब करून बसतो. मी रागावते." तिचा चेहरा त्या क्षणी जसा झाला, तसा नंतर शस्त्रक्रियेच्या दिवशीही झाला नाही.

आता माझ्या व्यवसायाशी संबंधित अशी एक खंत. आयोवा आणि टोरांटो येथे हे निकाल निघाले, ते तेथील शल्यज्ञ अधिक कुशल होते म्हणून नव्हे. पत्ते होते, चित्रे होती, आणि चाळीस वर्षांनी पत्र पाठवून 'या, तुम्हांला पाहायचे आहे' असे म्हणणारे कोणी होते, म्हणून. आपल्याकडे मूल बरे झाले, की आईबाप रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. आणि ते स्वाभाविक आहे, कारण बरे झालेल्या मुलाला घेऊन एक दिवसाची मजुरी बुडविणे कोणाला परवडते? रुग्णालयांनाही जुन्या फिल्म ठेवायला जागा नसते. पूर्वी या फिल्म त्यांतील चांदीसाठी विकल्या जात. आणि घरी आलेल्या फिल्मचे काय होते? ट्रंकेच्या तळाशी जातात, किंवा सूर्यग्रहण आले की बाहेर निघतात. फिल्ममधून ग्रहण पाहणे डोळ्यांना घातक आहे, असे सांगून सांगून शास्त्रज्ञ थकले आहेत.

त्यात आपल्या शहरांची गत अशी. बंगळुरात ज्याला विचारावे तो दुसऱ्या गावचा. सोलापूरहून आलेला, कलबुर्गीहून आलेला, ओडिशातून आलेला. मुलावर एका शहरात शस्त्रक्रिया होते, पट्टी दुसऱ्या शहरात काढली जाते, आणि विसाव्या वर्षी खुबा आखडला, की तिसऱ्या शहरातला डॉक्टर विचारतो, "आधीची चित्रे आहेत का?" सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने प्रत्येकाला आरोग्यखात्याचा क्रमांक देण्याची योजना देशभर लागू केली, तिच्यामागचा एक हेतू हाच आहे, की नोंदीने माणसाबरोबर प्रवास करावा. योजना कागदावर उत्तम आहे. परंतु २०१६ सालची फिल्म त्या खात्यात आपोआप जात नाही. ती कोणीतरी न्यावी लागते.

माझ्या स्नेह्यांनी शस्त्रक्रियेस होकार दिला. त्यांचा मुलगा आठ वर्षांचा, खांब मध्यम खचलेला, तुकड्यांचा पूर्वार्ध. डॉक्टरांच्या मते फायदा होण्याची शक्यता असलेल्या मुलांत तो नेमका बसत होता. नंतरचे वर्ष वाईट गेले. पाय पाऊण इंचाने आखूड, बुटाला उंच टाच, शाळेत नाव पडलेले. दीड वर्षाने पट्टी काढली. हळूहळू लंगड कमी होत गेले. संध्याकाळी थकल्यावर तेवढे दिसे. पंधराव्या वर्षी काढलेल्या चित्रात गोळा पूर्ण वाटोळा नाही, पण लंबगोल आणि खोबणीशी जुळलेला आहे. म्हणजे स्टलबर्गच्या वाटणीतली मधली पायरी. डॉक्टरांनी त्याला पोहायला व सायकल चालवायला सांगितले आहे, आणि दर काही वर्षांनी एक चित्र काढून घ्यायला. चाळिशीनंतर मात्र त्यात हयगय नको, असे बजावले आहे.

मुलगा आता पुण्याला कॉलेजात शिकतो. जाताना त्याच्या वडिलांनी बारा फिल्म एका मोठ्या खाकी पाकिटात घातल्या, प्रत्येकीवर तारीख आणि त्या दिवशीचे वय लिहिले, आणि पाकिटावर आमच्या कचेरीतल्या वळणदार अक्षरात 'कायम जतन करणे' असा शेरा मारला. आईने ते पाकीट बॅगेत लाडवांच्या डब्याखाली सपाट ठेवले, दुमडू नये म्हणून.